पटावरची हार आणि मनाची निराशा
(बुद्धिबळाच्या अभ्यासकांसाठी)



आपल्या भाषेने या खेळाला जे नाव दिले आहे, तेच निम्म्या दुःखाचे मूळ आहे, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. कबड्डीत पकड झाली तर पाय घसरला म्हणता येते. क्रिकेटमध्ये खेळपट्टी आहे, पंच आहे, ऊन आहे, वारा आहे. कॅरममध्ये बोर्ड खडबडीत होता असे म्हणण्याची सोय आहे. पत्त्यांत तर पानेच वाईट येतात. बुद्धिबळात मात्र फासा नाही, पिसणे नाही, वाटणे नाही. दोघांपुढे सारखीच सोळा-सोळा मोहरी, चौसष्ट घरे आणि सगळे उघड्यावर. मग हरलेला विद्यार्थी मनाशी सरळ हिशेब मांडतो : खेळ बुद्धीचा, मी हरलो, म्हणजे माझी बुद्धी कमी.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो नेमका कोठे चुकतो हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले हौसेने पट मांडतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतील मोजकीच उरतात, हे चित्र कोणत्याही गावाला, कोणत्याही वस्तीला अपरिचित नाही. जी गळतात ती सगळी आळशी असतात असे नाही. किंबहुना मन लावून अभ्यास करणारी मुलेच अधिक गळतात, कारण ज्याने मेहनत केली त्यालाच हार लागते. शिवाय ज्या घरांत शाळेची पाटी एक-दोन पिढ्यांपूर्वीच आली, त्या घरांतील माणसांनी "तुम्हांला डोके कुठे आहे" हे वाक्य परक्यांच्या तोंडून भरपूर ऐकलेले असते. तेच वाक्य आपला मुलगा किंवा मुलगी पटासमोर बसून स्वतःलाच ऐकवू लागली, तर प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही.

प्रथम नावाचेच पाहू. संस्कृतात 'बल' या शब्दाचा अर्थ शक्ती असा आहे, तसाच सैन्य असाही आहे. आपल्या देशातील या खेळाचे जुने नाव चतुरंग; म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेली सेना. तेव्हा बुद्धिबळ म्हणजे बुद्धी तोलण्याचा तराजू नव्हे, तर बुद्धीने चालवायचे सैन्य, असा अर्थ घेणे आम्हांस अधिक पटते. आणि सैन्य चालविणे ही शिकण्याची विद्या आहे. ती घेऊन कोणी जन्माला येत नाही.

ही केवळ समजूत घालणारी भाषा नव्हे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट हे स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात थोर खेळाडू आणि साधारण चांगले खेळाडू एकाच स्थितीवर कसा विचार करतात याची तपासणी केली. थोर खेळाडू फार खोलवर, वीस-वीस खेळ्या पुढे पाहत असतील अशी सर्वांची कल्पना असते. प्रत्यक्षात खोलीत फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो पाहण्यात : थोर खेळाडूंची नजर लवकरच योग्य खेळीवर जाऊन स्थिरावत असे. पुढे १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी आणखी एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकून ती आठवणीने मांडायला सांगायची. उस्ताद खेळाडू बरीचशी मोहरी जागच्या जागी मांडत असे; नवशिक्याला चार-पाचच आठवत. नंतर त्यांनी मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली. तेव्हा उस्ताद आणि नवशिका यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले.

याचा अर्थ काय? उस्तादाची स्मरणशक्ती दैवी नव्हती. त्याने हजारो डाव पाहिले होते आणि त्यांतील नेहमीच्या रचना त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या. आपण 'विद्यार्थी' हा शब्द वाचताना व, इ, द, य अशी अक्षरे जुळवत बसत नाही. शब्द एकदम दिसतो. पण पहिलीतले मूल अक्षर लावून लावून वाचते. त्याला आपण मंद म्हणत नाही. त्याचे वाचन अजून व्हायचे आहे, एवढेच म्हणतो. पटावर हरणाऱ्याचे बहुतेक वेळा एवढेच झालेले असते.

आता दुसरी गोष्ट. ही गणिताची आहे, म्हणून थोडे सावकाश वाचावे. स्पर्धेत खेळणाऱ्याला एक आकडा मिळतो, त्याला गुणांकन म्हणतात. मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसविली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंच्या आकड्यांतील फरकावरून कोणाला किती गुण मिळावेत याचा अंदाज ही पद्धत देते. फरक शून्य असेल तर अर्धे-अर्धे. फरक १०० असेल तर वरच्याला शंभर डावांत सुमारे ६४ गुण, २०० असेल तर सुमारे ७६. म्हणजे तुम्ही समोरच्यापेक्षा निःसंशय सरस असलात, दोनशे गुणांनी सरस असलात, तरी चारांतला जवळजवळ एक गुण तुमच्या हातून जाणारच. तो गेला म्हणून रात्रीचे जेवण टाकण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाची बाब अशी की तुम्ही सुधारलात म्हणून तुमचे हरणे कमी होईलच असे नाही. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या जिंकलेल्याची गाठ तिसऱ्या फेरीत दोन जिंकलेल्याशीच पडते. मोबाईलवर खेळताना यंत्र तुम्हांला तुमच्या तोडीचाच प्रतिस्पर्धी शोधून देते. तुम्ही वर चढलात की प्रतिस्पर्धीही चढलेला असतो. त्यामुळे गेल्या वर्षीही निम्मे डाव हरत होतो, यंदाही निम्मेच हरतो, मग वर्षभर केले काय, असे वाटू लागते. जिना चढणाऱ्याला प्रत्येक मजल्यावर छत तेवढ्याच उंचीवर दिसावे, तसा हा प्रकार आहे. खाली किती मजले राहिले ते पाहायचे असेल, तर वर्षापूर्वीचे आपले डाव काढून पुन्हा मांडावेत. त्या वेळी अर्धा तास विचार करूनही न दिसलेली गोष्ट आज एका दृष्टिक्षेपात दिसते, असा अनुभव प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना येतो.

आकड्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याने फार मुले रडविली आहेत. नवीन खेळाडूंसाठी आणि १८ वर्षांखालील २३०० च्या आतील खेळाडूंसाठी फिडेचा गुणक ४० आहे. म्हणजे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी एक डाव हरला की २० गुण जातात. एका स्पर्धेत असे तीन डाव हरले की ६०. हा गुणक मुद्दामच मोठा ठेवलेला आहे. मुले झपाट्याने बदलतात, आकड्याने त्यांच्यामागे धावता आले पाहिजे, हा त्यामागील विचार. पण जो आकडा चढताना धावतो तो उतरतानाही धावतो. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १ मार्च २०२४ पासून फिडेने गुणांकनाची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर नेली आणि २००० च्या आतील सर्वांचे आकडे एका सूत्राने वाढविले. ज्याचे १००० होते त्याचे एका रात्रीत १४०० झाले. त्या रात्री त्याची बुद्धी वाढली काय? वाढली नाही. मग पुढच्या स्पर्धेत साठ गुण गेले तर ती कमी झाली, असे तरी कसे म्हणावे?

तिसरे कारण थोडे नाजूक आहे. पुष्कळदा विद्यार्थी नवीन काही शिकतो आणि त्यानंतर आधीपेक्षा वाईट खेळू लागतो. आतापर्यंत तो वजीर लवकर बाहेर काढून चार खेळ्यांत मात देण्याच्या मागे असे आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना हरवीत असे. आता त्याला सांगितले जाते की घोडे, उंट बाहेर काढ, राजाला किल्लेकोटात ने, मध्यावर ताबा ठेव. तो ऐकतो, आणि महिनाभर हरतो. जुनी सवय सुटलेली असते आणि नवी अंगवळणी पडलेली नसते. लक्ष देण्याची माणसाची शक्ती मर्यादित आहे. ते सगळे नवीन नियम सांभाळण्यात खर्च होते आणि समोरचा उंट आपला घोडा मारतो आहे ते दिसत नाही. सायकल शिकलेल्याने प्रथमच गर्दीच्या रस्त्यावर यावे तसे. याच टप्प्यावर शिक्षकाने, आणि घरच्यांनीही, विद्यार्थ्याजवळ उभे राहायला हवे. दुर्दैवाने नेमक्या याच वेळी "पूर्वी बरा खेळत होतास" हे वाक्य त्याला ऐकावे लागते.

प्रगती सरळ रेषेत येत नाही याची उदाहरणे मोठ्यांच्या चरित्रांतही आहेत. विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. १९९५ साली न्यूयॉर्क येथे कास्पारोव यांच्याविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना झाला. पहिले आठही डाव बरोबरीत सुटले आणि नववा डाव आनंद जिंकले. साऱ्या देशाने श्वास रोखून धरला. त्यानंतरच्या पाच डावांत ते चार हरले आणि सामना ७॥ विरुद्ध १०॥ असा गेला. आघाडी घेतल्यावर लागलीच अशी घसरण होणे किती जिव्हारी लागत असेल, याची कल्पना करावी. १९९८ मध्ये कार्पोव यांच्याविरुद्धही ते हरले. जगज्जेतेपद मिळाले ते २००० साली, तेहरानमध्ये. पुढे २०१३ साली चेन्नईला, म्हणजे आपल्याच गावात, मॅग्नस कार्लसनने त्यांना हरविले. आता हे संपले असे पुष्कळांनी लिहिले; तर पुढच्याच वर्षी आव्हानवीर ठरविणारी स्पर्धा त्यांनी जिंकली आणि पुन्हा कार्लसनसमोर जाऊन बसले. तोही सामना हरले, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. उदाहरणे देताना शेवटी विजय झालाच असे दाखविण्याची जी आपल्याकडे खोड आहे, तिने मुलांचे नुकसानच होते.

गुकेशचे उदाहरण अलीकडचे असल्याने मुलांना अधिक जवळचे वाटेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटो येथील स्पर्धेत तो सातव्या फेरीत फिरूझाकडून हरला. हा डाव वेळेच्या टंचाईत गेला. स्पर्धा जिंकल्यावर त्याने सांगितले, की त्या पराभवानंतरच्या विश्रांतीच्या दिवशीच आपल्याला उभारी वाटू लागली होती. त्याच वर्षी सिंगापूरला डिंग लिरेनविरुद्धच्या सामन्यात तो पहिलाच डाव हरला; अकरावा जिंकून आघाडीवर आला, आणि लगेच बारावा हरला. गुण पुन्हा सहा-सहा. त्याच्या जागी आपण असतो तर त्या रात्री झोप आली असती काय? तेरावा डाव बरोबरीत सोडवून चौदावा त्याने जिंकला आणि १२ डिसेंबर रोजी अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्याच्याबरोबर मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षक पॅडी अप्टन होते. ज्याच्या खेळात खोट काढणे कठीण, त्यालाही मनाच्या अभ्यासासाठी वेगळा माणूस लागतो, ही गोष्ट आमच्या मते ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली. त्या किताबासाठी लागणारा एकही निकष तोवर तिच्या खात्यावर नव्हता. जिना म्हणावा तर काही पायऱ्या गाळून, असा तो प्रकार.

असो. थोरांच्या कथा ऐकून दोन दिवस उत्साह टिकतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा वजीर फुकट जातो, तेव्हा काय करावे?

आमचा पहिला आग्रह असा, की हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडू नये. मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणाऱ्यांना हा आग्रह अधिकच लागू आहे. रात्री अकरा वाजता एक डाव हरतो, मन म्हणते, "आणखी एकच, हा भरून काढू आणि झोपू." तो खेळ राहत नाही, वसुली होते. हात रागाने चालतो, डोळा पाहत नाही, आणि साडेबारा वाजता पाच पराभव पदरी घेऊन मुलगा अंथरुणावर पडतो. लागोपाठ दोन डाव हरले की त्या दिवशी खेळ बंद, असा नियम घरात भिंतीवर लिहून लावण्यास हरकत नाही. अभ्यास बंद नव्हे. कोडी सोडवा, पुस्तक घ्या. फक्त डाव नको.

दुसरा आग्रह वहीचा. दोनशे पानी साधी वही घ्यावी. प्रत्येक हरलेल्या डावासाठी एकच ओळ लिहावी : डाव कोणत्या खेळीला बिघडला आणि का. 'का' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. मला ठाऊकच नव्हते, हे एक कारण. ठाऊक होते पण दिसले नाही, हे दुसरे. दिसले होते पण घाई केली; घड्याळाला भ्यालो; समोरच्याचा आकडा पाहूनच भ्यालो; जिंकत आलो म्हणून सैल झालो. ही सगळी निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांचे औषधही निरनिराळे आहे. ज्याला ठाऊक नाही त्याने पुस्तक उघडावे. ज्याला दिसत नाही त्याने रोज दहा-पंधरा कोडी सोडवावीत, आणि डावात प्रत्येक खेळीपूर्वी स्वतःला विचारावे : समोरच्याने ही खेळी कशासाठी केली? त्याच्याकडे शह कोणता, मार कोणता, धमकी कोणती? जो घाई करतो त्याने खेळी ठरल्यावर हात मांडीखाली ठेवावेत आणि पट पुन्हा एकदा पाहावा. उपाय हास्यास्पद वाटेल, पण लागू पडतो. वीस डावांची वही भरली की एक चमत्कार दिसतो. 'मी वाईट खेळतो' हे भलेमोठे, धूसर दुःख नाहीसे होऊन त्याच्या जागी दोन-तीन लहान, स्पष्ट दोष उभे राहतात. पहिल्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यांवर करता येते.

संगणकाविषयी येथेच सांगून टाकतो. लिचेससारख्या सेवा फुकट आहेत, स्टॉकफिश नावाचे यंत्र जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा बलवान आहे आणि तेही फुकट आहे. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी परदेशी पुस्तकावाचून जे अडत असे ते आता अडत नाही. पण यंत्र चूक दाखविते, कारण सांगत नाही. लाल खूण पाहिली, "अरेरे" म्हटले आणि पुढे गेलो, याला अभ्यास म्हणत नाहीत. आधी स्वतः अर्धा तास डाव तपासावा, आपले मत पेन्सिलीने लिहावे, मगच यंत्राला विचारावे. बोटविनिक हे व्यवसायाने विद्युत अभियंता. ते आपल्या डावांचे विश्लेषण करून ते छापावे असे सांगत, म्हणजे इतरांना त्यातील उणिवा दाखविता येतात. १९६० साली तरुण ताल यांनी त्यांचा ८॥ विरुद्ध १२॥ असा पाडाव केला. बोटविनिक यांनी त्या पराभवाचाच अभ्यास केला आणि पुढच्या वर्षीच्या परतीच्या सामन्यात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, १३ विरुद्ध ८ असे जेतेपद परत घेतले. त्या वेळी कोणतेही यंत्र नव्हते.

तिसरी सूचना निराश झालेल्यासाठी आहे. मन फारच खचले असेल तेव्हा असे काहीतरी शिकावे जे लहान आहे, पूर्ण आहे आणि एकदा आले की पुन्हा जात नाही. आरंभीच्या खेळातील पाठांतर असे नसते. अंतिम टप्प्यातील ज्ञान असे असते. एक नमुना देतो. पांढऱ्याजवळ राजा आणि एकच प्यादे, काळ्याजवळ नुसता राजा. प्यादे राजाच्या स्तंभात पाचव्या ओळीवर, पांढरा राजा त्याच्या लगेच पुढे सहाव्या ओळीवर, आणि काळा राजा त्याच स्तंभात आठव्या ओळीवर. ही स्थिती, खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. काळ्याची पाळी असेल तर त्याला बाजूला व्हावेच लागते आणि पांढरा राजा दुसऱ्या बाजूने सातव्या ओळीत शिरतो. पांढऱ्याची असेल तर तो राजा एक घर बाजूला नेतो. काळा त्याच्या समोर आला तर प्यादे पुढे सरकते, आणि दोन खेळ्यांत काळ्याला वाट सोडावी लागते. मात्र हेच प्यादे अगदी कडेच्या, हत्तीच्या स्तंभात असेल तर डाव बरोबरीत सुटतो. हे पटावर मांडून, दोन्ही बाजूंनी, दहा वेळा खेळून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्या अर्ध्या तासानंतर तुम्हांला अशी एक गोष्ट येते, जिच्यात ग्रँडमास्टरही तुम्हांला हरवू शकत नाही.

पालकांसाठी दोन शब्द. मुलगी स्पर्धेच्या खोलीतून बाहेर आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "जिंकलीस का ग?" प्रश्न मायेचाच असतो, पण तिच्या कानाला तो परीक्षकाचा वाटतो. स्पर्धेची फी भरली, एसटीचे भाडे दिले, एका दिवसाची मजुरी बुडाली, हे सगळे तिला माहीत असते. तिला कोणी सांगावे लागत नाही. "आधी काहीतरी खाऊन घे, मग डाव दाखव" असे म्हणून पाहावे. आपल्याला खेळ येत नसला तरी चालते. तिने समजावून सांगावे आणि आपण ऐकावे. समजावून सांगताना बहुतेक चुका तिच्या तिलाच सापडतात.

आणि खेळ सोडण्याविषयी. बुद्धिबळ सोडणे हा काही गुन्हा नाही. दहावीचे वर्ष आहे, तबला अधिक आवडतो, मैदान बोलावते आहे, अशा कारणांनी कोणी पट बाजूला ठेवला तर त्याला अडवू नये. दुसऱ्या कशावर जीव जडला म्हणून सोडणारा मोकळ्या मनाने जातो. पण "माझे डोकेच चालत नाही" असे म्हणून जो उठतो, त्याला तसा उठू देऊ नये. तो पुढे गणितापुढून उठेल, इंग्रजीपुढूनही उठेल. त्याला एवढेच सांगावे की अजून दहा डाव खेळ, दहा ओळी वहीत लिही, आणि त्यानंतर तुला हवे तर खुशाल सोड.

जेथे दोन-चार पट आणि एखादे घड्याळ आहे, अशा वाचनालयांत किंवा वर्गांत एक पद्धत सुरू करता येईल. डाव संपला की मोहरी लगेच आवरायची नाहीत. हस्तांदोलन करून दोघांनी तेथेच बसायचे, डाव पहिल्यापासून पुन्हा मांडायचा, आणि त्या वेळी आधी बोलायचे ते हरलेल्याने. कोठे काय मनात होते, कशाची भीती वाटली, हे त्याने सांगायचे. जिंकणाऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे आणि मग आपली बाजू सांगायची. पुष्कळदा जिंकणारा म्हणतो, "अरे, ती खेळी तू केली असतीस तर मीच हरलो होतो." लहान मुले प्रथम लाजतात, खाली पाहतात. दोन-तीन रविवार गेले की शेजारच्या पटावरची मुलेही येऊन भोवती उभी राहतात आणि मधूनच कोणीतरी बोट दाखवून विचारते, "पण येथे घोडा का नाही घेतलास?"